कुलवृत्तांत, संगणक आणि हयात माणसे

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर दुसऱ्या सरफोजी राजांनी १८०३ साली भोसले कुळाचा इतिहास मराठीत कोरवून घेतला, हे आपल्या वाचकांस सांगावयास नको. त्या शिलालेखाची येथे आठवण करण्याचे कारण मात्र निराळे आहे. तो लेख सर्वांनी वाचावा या हेतूनेच कोरला गेला होता. तरीही तो वाचावयाचा तर तंजावरला जावे लागे आणि मराठी जाणावे लागे. प्रसिद्धीलाही तेव्हा स्थळाची आणि भाषेची एक मर्यादा असे. आज एखादा उत्साही अभ्यासक आपल्या घराण्याचा वंशवृक्ष आंतरजालावर ठेवतो, तेव्हा ती मर्यादा एका क्षणात नाहीशी होते. या बदलाचे परिणाम काय, आणि कुलेतिहासाच्या अभ्यासकाने नवी साधने कशी हाताळावीत, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. काशी, इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, तंजावर अशा ठिकाणी पिढ्यानुपिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबांना या साधनांचा आधार अधिक लागतो. म्हणून त्यांची स्थिती प्रामुख्याने डोळ्यांपुढे ठेवली आहे.

प्रथम आपल्या परंपरेकडे पाहू. विसाव्या शतकात अनेक मराठी घराण्यांनी आपापले कुलवृत्तांत छापून प्रसिद्ध केले. त्यांचा साचा ठरलेला आहे. आरंभी गोत्र, प्रवर, कुलदैवत आणि मूळ गाव. मग शाखावार वंशावळी. आणि त्यानंतर प्रत्येक व्यक्तीची नोंद : जन्मशक, शिक्षण, व्यवसाय, वास्तव्य, पत्नीचे माहेरचे नाव व तिच्या वडिलांचे नाव-गाव, अपत्ये. शक्य तेथे दत्तकाचाही उल्लेख असतो. या साच्यात एक गोष्ट विशेष मोलाची आहे, ती म्हणजे माहेरचे नाव. आपल्याकडे लग्नात स्त्रीचे आडनाव तर बदलेच, पण पुष्कळ घरांत तिचे पाळण्यातले नावही बदले. एकच स्त्री दोन कागदांत दोन पूर्णतः वेगळ्या नावांनी येते; माहेरच्या नावाचा दुवा निसटला की ती इतिहासातून पुसली जाते. कुलवृत्तांतकारांनी हा दुवा जपला, हे त्यांचे ऋण मान्य केलेच पाहिजे.

परंतु हाच दुवा आज दुसऱ्याच कामी येतो. खातेदाराची ओळख पटविण्यासाठी ‘आईचे माहेरचे आडनाव काय’ हा प्रश्न विचारण्याची पद्धत पाश्चात्त्य बँकांतून आली आणि संगणकीय व्यवहारात सर्वत्र पसरली. जन्मतारीख, जन्मगाव, पहिली शाळा हे तिचेच भाईबंद. कुलवृत्तांताचे एक पान उघडले की या बहुतेक प्रश्नांची उत्तरे एका ओळीत सापडतात. परवलीचा शब्द म्हणून कुलदैवताचे नाव आणि त्यापुढे जन्मसाल लिहिणारी भाविक मंडळीही थोडीथोडकी नाहीत. आणि कुलदैवत तर आपण ग्रंथाच्या पहिल्याच पानावर छापलेले असते!

हा धोका केवळ तर्काने सांगत नाही. प्रस्तुत लेखकाच्या परिचयातील एका वयोवृद्ध गृहस्थांना काही वर्षांपूर्वी परक्या क्रमांकावरून दूरध्वनी आला. बोलणाऱ्याने त्यांच्या शाखेच्या मूळ पुरुषाचे नाव घेतले, आत्याच्या सासरचे गाव सांगितले, ‘काका’ अशी हाक मारली आणि परदेशात अडकलो आहे म्हणून पैसे मागितले. काकांनी ते पाठविले. पुढे शोध घेता असे दिसले की, घराण्याच्या स्नेहमंडळाने कुलवृत्तांताची नवी आवृत्ती पत्ते आणि मोबाइल क्रमांकांसह जशीच्या तशी संकेतस्थळावर ठेवली होती. पैशांचे दुःख काकांना झाले, पण त्याहून अधिक बोचली ती लाज. घरात त्यांनी ही गोष्ट कित्येक महिने कोणाला सांगितली नाही. अशा प्रसंगी लाज बाजूस ठेवून तत्काळ १९३० या राष्ट्रीय साहाय्य क्रमांकावर तक्रार नोंदवावी. पैसे पुढे सरकण्यापूर्वी अडविता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच अधिक असते. आणि नाते सांगणाऱ्या अनोळखी माणसाचा दूरध्वनी ठेवून, आपल्याजवळ पूर्वीपासून असलेल्या क्रमांकावर स्वतः फोन करून खात्री करावी. खरा पुतण्या याने रागावणार नाही.

मग वंशावळी प्रसिद्धच करू नयेत काय? असे म्हणणे म्हणजे रोगाच्या भयाने अन्न टाकण्यासारखे होईल. प्रश्न सुटतो तो मृत आणि हयात असा भेद केल्याने. मृतांची माहिती हा इतिहास आहे. हयात व्यक्तीची माहिती ही तिची मालमत्ता आहे. अन्य देशांनी हा भेद काटेकोरपणे पाळला आहे. अमेरिकेत जनगणनेच्या व्यक्तिनिहाय याद्या ७२ वर्षे बंद असतात. १९५० ची यादी २०२२ साली खुली झाली. इंग्लंडमध्ये ही मुदत शंभर वर्षांची असून १९२१ ची यादीही २०२२ मध्येच अभ्यासकांच्या हाती आली. आपल्याकडे १९४८ च्या जनगणना कायद्याच्या १५ व्या कलमानुसार गणनेच्या मूळ नोंदी कोणालाही पाहता येत नाहीत. त्यामुळे भारतीय कुलाभ्यासकाला तीर्थोपाध्यायांच्या वह्या, जमिनीचे दप्तर आणि नातेवाइकांची स्मृती यांवरच विसंबावे लागते. तिन्ही साधने माणसांच्या विश्वासावर उभी आहेत, आणि म्हणूनच आपली जबाबदारी थोरली आहे.

कायदा या बाबतीत फारसा आड येत नाही. २०२३ साली संसदेने संमत केलेल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने व्यक्तीने खाजगी वा घरगुती कारणासाठी केलेला माहितीचा वापर आपल्या कक्षेबाहेर ठेवला आहे. म्हणजे चुलतभावांची जंत्री स्वतःसाठी करणाऱ्याला कोणी जाब विचारणार नाही. पण घरगुती म्हणून जमविलेली जंत्री जगापुढे मांडली, की ती घरगुती राहिली असे म्हणणे प्रस्तुत लेखकाला तरी अवघड वाटते.

आता वह्यांकडे वळू. काशी, गया, प्रयाग, हरिद्वार, नाशिक, त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यजमानांनी स्वहस्ते केलेल्या नोंदी असतात, आणि जुन्या मराठी नोंदी पुष्कळदा मोडीत असतात. हरिद्वार आदी क्षेत्रांतील अशा वह्यांचे सूक्ष्मचित्रण यूटातील जिनिऑलॉजिकल सोसायटीने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात केले. तिची वारसदार संस्था फॅमिलीसर्च हिच्या संकेतस्थळावर त्या संग्रहाचा शोध घेता येतो. मात्र मूळ वही पाहण्याचा योग आला तर तो सोडू नये. छायाचित्र घेण्यापूर्वी उपाध्यायांची अनुज्ञा घ्यावी. वही ही त्यांची उपजीविका आहे. फ्लॅश वापरू नये, खिडकीचा तिरपा उजेड पुरतो. पान समासासकट पूर्ण घ्यावे, कारण नोंदीचा शक अनेकदा कोपऱ्यात असतो. त्याच वेळी वहीचा क्रमांक, उपाध्यायांचे नाव आणि भेटीची तारीख एका कागदावर लिहून त्या कागदाचेही छायाचित्र घ्यावे. सहा महिन्यांनी कोणते पान कोठले हे स्मरणात राहत नाही. आणखी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. समोरच्या पानावर दुसऱ्या एखाद्या घराण्याची नोंद असते. ती आपल्या चित्रात आपोआप येते, पण ती प्रसिद्ध करण्याचा अधिकार आपल्याकडे येत नाही. प्रसिद्धीसाठी आपल्या नोंदीपुरताच भाग कापून घ्यावा.

मोबाइलने काढलेल्या चित्रात ते कोठे व केव्हा काढले याची माहिती दडलेली असते. घरातील जुन्या पेटीतल्या सनदेचे चित्र प्रसिद्ध करताना घराचे अक्षांश-रेखांशही आपण जगाला देत असतो. कॅमेऱ्यातील स्थाननोंद बंद ठेवावी, अथवा प्रसिद्धीच्या प्रतीतून ती काढून टाकावी. व्हॉट्सॲपवरून चित्र नेहमीच्या पद्धतीने पाठविले तर ते लहान होते आणि मोडीचे बारीक फाटे पुसट होतात. तेच ‘दस्तऐवज’ म्हणून पाठविले तर मूळ रूपात पोचते. घरी स्कॅनर असल्यास साध्या कागदासाठी इंचास ३०० आणि लहान छायाचित्रासाठी ६०० बिंदू ही घनता ठेवावी. प्रत्येक चित्राच्या तीन प्रती, दोन निराळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतील एक दुसऱ्या गावी, ही पद्धत अनुभवाने खरी ठरली आहे. पुण्यातील मुठेच्या पुराने १९६१ साली किती घरांतील कागद गेले याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

मोडी वाचून देणारी संगणकीय साधने अलीकडे उपलब्ध होत आहेत आणि त्यांचे स्वागतच करावयास हवे. तथापि ही यंत्रे अडलेल्या जागी थांबत नाहीत, ठोकून देतात. शुहूर सन इसवी सनाहून ५९९ वा ६०० वर्षांनी मागे, शक ७८ वा ७९ वर्षांनी मागे, दक्षिणेतील फसली सुमारे ५९० वर्षांनी मागे. यांची गल्लत झाली तर आजोबा नातवानंतर जन्मतात. म्हणून कालगणना स्वतः ताडून पाहावी. वाटणीपत्र, दत्तकपत्र, मृत्युपत्र असे कागद फुकट सेवेवर चढविण्यापूर्वी तर दोनदा विचार करावा; त्यांतील दावे अद्याप जिवंत असू शकतात. जमिनीच्या फेरफारातील वारसनोंदी कुलेतिहासाला फार उपयोगी आहेत, आणि महाराष्ट्र शासनाने असे जुने अभिलेख आंतरजालावर उपलब्ध केले आहेत. तेथे शुल्क भरण्यापूर्वी पत्त्यात ‘जीओव्ही डॉट इन’ ही अक्षरे शेवटी आहेत ना, हे पाहावे.

वंशवृक्ष कोठे ठेवावा हा प्रश्न पुष्कळ जण विचारतात. प्रस्तुत लेखकाचे मत असे की, मूळ प्रत स्वतःच्या संगणकावर असावी आणि आंतरजालावर तिची केवळ छाटलेली नक्कल जावी. ग्रॅम्प्स ही विनामूल्य आज्ञावली या कामी चांगली आहे. तीत नोंद खाजगी म्हणून खूण करता येते आणि निर्यात करताना हयात व्यक्ती वगळता येतात. निर्यातीसाठी गेडकॉम हा १९८४ पासून चालत आलेला सर्वमान्य साचा वापरावा, म्हणजे एखादी कंपनी बुडाली तरी आपले काम बुडणार नाही. स्त्रियांची नोंद जन्मनावाने करून सासरचे नाव पर्यायी नाव म्हणून द्यावे. मृत्यूची नोंद नसलेल्या व्यक्तीचा जन्म शंभर-एकशेदहा वर्षांच्या आतला असेल तर ती हयात समजावी.

आनुवंशिक चाचण्यांचा विषय परदेशस्थ नातलगांमुळे आपल्या घरांतही येऊ लागला आहे. येथे एक उदाहरण तपशिलाने पाहण्याजोगे आहे. २०२३ साली ट्वेंटीथ्री-अँड-मी या अमेरिकन कंपनीच्या सुमारे १४ हजार खात्यांत चोर शिरले. त्यांनी कुलपे फोडली नाहीत. अन्य ठिकाणांहून फुटलेले परवलीचे शब्द येथे लावून पाहिले, आणि ज्यांनी एकच शब्द सर्वत्र वापरला होता त्यांची दारे उघडली. परंतु माहिती गेली ती सुमारे ६९ लाख लोकांची, कारण प्रत्येक खात्यातून त्या व्यक्तीचे दूरचे नातलग दिसत होते. मार्च २०२५ मध्ये या कंपनीने दिवाळखोरीसाठी न्यायालयात अर्ज केला, तेव्हा त्या सर्व माहितीचे पुढे काय होणार हा प्रश्न ग्राहकांपुढे उभा राहिला. एकाच्या निष्काळजीपणाची झळ शेकडो भाऊबंदांना लागते, असे यापूर्वी कुलेतिहासात घडले नसेल. परवलीचा शब्द बदलता येतो, रक्त बदलता येत नाही. चाचणी करावयाचीच असेल तर भावंडांना आधी सांगावे. अनपेक्षित नाते उघड होण्याची शक्यताही त्यांना सांगावी. दत्तक आणि अनाथ मुलांच्या बाबतीत हा प्रश्न किती नाजूक आहे, हे वेगळे सांगणे नको.

खात्यांविषयी थोडक्यात. प्रत्येक खात्याला स्वतंत्र, लांब परवलीचा शब्द असावा. ते लक्षात ठेवण्यासाठी पासवर्ड सांभाळणारी आज्ञावली वापरावी, अथवा वही करून ती कपाटात ठेवावी. दुसऱ्या पायरीची पडताळणी चालू करावी. आईचे माहेर विचारणाऱ्या प्रश्नाला खरे उत्तर देण्याचे बंधन कोणी घातलेले नाही; काहीही ठरवून लिहावे आणि ते वहीत टिपावे. ओटीपी कोणासही सांगू नये, मग तो कितीही जवळचा भाऊबंद म्हणवो.

नवा कुलवृत्तांत सिद्ध करणाऱ्या मंडळांनी दोन प्रती कराव्यात असे सुचवावेसे वाटते. एक संपूर्ण, हयात व्यक्तींच्या सविस्तर नोंदींसह, मोजक्या संख्येने छापलेली व घराण्यातच राहणारी; दुसरी आंतरजालासाठी, जीत हयात व्यक्तीच्या जागी फक्त ‘हयात’ एवढाच शब्द असेल. माहिती मागविण्याच्या पत्रकात प्रत्येकाला विचारावे : आपली नोंद कोणत्या प्रतीत घालावी? आपल्या पत्नीची, मुलांची संमती स्वतंत्रपणे घेतली आहे काय? हे पत्रक आजवर घरातील कर्त्या पुरुषाच्या नावे जात असे. यापुढे ते सासरी गेलेल्या मुलींनाही त्यांच्याच नावे पाठवावे, आणि त्यांना कोणत्या नावाने नोंद हवी तेही त्यांनाच विचारावे.