नाव तुम्हीच सांगा

खाटेचा नंबर बघून औषध देऊ नये, हे नर्सिंगच्या पहिल्याच वर्षी शिकवतात. वॉर्डात मात्र सगळा कारभार नंबरावर चालतो. 'अकराचं सलाईन संपलं', 'सातची शुगर बघ', 'चौदाला आज सुट्टी'. ओव्हर देता-घेता नावं मागेच पडतात. आणि खाटा काही जागच्या जागी राहत नाहीत. पंख्याचा वारा लागत नाही, शेजारची रात्रभर खोकते, संडास लांब पडतो, म्हणून पेशंट आपापसांत अदलाबदल करून मोकळे होतात. मावशींशिवाय कुणाला पत्ताही नसतो.

स्त्रियांच्या मेडिकल वॉर्डला मी इन्चार्ज असताना दोन आज्यांनी पहाटे अशाच खाटा बदलल्या. नाश्त्याआधीच्या इन्सुलिनची वेळ झाली. नवीन लागलेली स्टाफ सिरिंज भरून अकरा नंबरवर गेली आणि म्हणाली, "शिंदे आजी ना?" आजींनी मान हलवली, बाही वर केली. मी शेजारच्या खाटेवर बीपी घेत होते. या आजी दम्यासाठी दाखल झाल्यात, त्यांना शुगर नाही, हे ठाऊक होतं म्हणून तिला थांबवलं. हातातला बँड पाहिला, तर आडनाव पवार. आजींना कमी ऐकू यायचं, आणि पांढऱ्या कपड्यातलं माणूस काही बोललं की "हो" म्हणायचं ही जन्माची सवय. उपाशीपोटी ते इंजेक्शन गेलं असतं तर घाम, थरथर आणि पुढे शुद्ध हरपण्यापर्यंत मजल गेली असती. त्या मुलीने शीट नीट वाचली होती, डोस अचूक भरला होता. फक्त प्रश्न असा विचारला होता, की ज्याला कुणीही हो म्हणेल.

म्हणून नव्या मुलींना सांगते, नाव आपण उच्चारायचंच नाही. "आजी, तुमचं पूर्ण नाव सांगा," एवढंच म्हणायचं आणि ते बँडवरच्या नावाशी, नोंदणी क्रमांकाशी आणि ट्रीटमेंट शीटशी ताडून बघायचं. बायकांच्या बाबतीत आणखी एक गंमत असते. कागदावर सासरचं नाव सुनंदा, पण तापात विचारलं तर बाई माहेरची सुमन सांगते. अशा वेळी क्रमांकच तारतो. जन्मतारखेवर आपल्याकडे फार भिस्त ठेवू नका. शाळेत घालताना गुरुजींनी 1 जून लिहून टाकलेली माणसं एकाच वॉर्डात तीन-चार निघतात. बेशुद्ध पेशंट असेल तर बँडशिवाय हात लावू नका. सूज आली म्हणून बँड कापला असेल, तर आधी दुसरा बांधून घ्या.

रुग्ण, औषध, मात्रा, मार्ग, वेळ ही पाच नावं सगळ्यांना पाठ असतात. घोळ होतो तो बहुधा मात्रेत. आपल्याकडे इन्सुलिनची बाटली सहसा एका मिलीला 40 युनिटची, आणि तिची सिरिंज लाल टोपीची. पेनचं कार्ट्रिज मात्र 100 चं. पेनची सुई सापडली नाही म्हणून कार्ट्रिजमधून लाल टोपीच्या सिरिंजने 20 च्या खुणेपर्यंत औषध ओढलं, तर पेशंटच्या अंगात जातात 50 युनिट. खूण बरोबर दिसते, हात बरोबर वाटतो, शीटवरही 20 च लिहिलेलं असतं. हेपरिनचं तेच. 5 मिलीच्या बाटलीत 5,000 युनिट येतात आणि तेवढ्याच बाटलीत 25,000 सुद्धा.

अशा औषधांना दुसरीची नजर हवीच. पण भरलेली सिरिंज लांबून दाखवत "वीस आहे ना गं?" असं विचारणं म्हणजे तपासणी नव्हे. दुसरीने स्वतः शीट वाचावी, बाटली हातात घ्यावी, हिशेब करावा, मग बोलावं. तोवर बाटली टाकायची नाही. आणि दुसरीने भरून ठेवलेलं, लेबल नसलेलं इंजेक्शन, ती कितीही जिवलग मैत्रीण असो, आपण टोचायचं नाही.

राउंड चालू असताना नातेवाईक दहा वेळा हाका मारतात. जीव जात नसेल तर हातातलं काम संपवूनच वळा. लोक रागावतात, रागावू देत.

एक हाक मात्र कधीच परतवू नका. पेशंट म्हणाला, "सिस्टर, ही गोळी माझी नाही, माझी पिवळी असते," तर आपल्या तोंडी उत्तर तयारच असतं, "कंपनी बदलली असेल, घ्या." बहुतेक वेळा कंपनीच बदललेली असते. तरीही गोळी वाटीत तशीच ठेवा, ट्रॉलीकडे परत जा, पाकिटावरचं औषधाचं मूळ नाव आणि मिलिग्रॅम शीटशी जुळवा. जुळलं तर येऊन त्यांना पाकीट दाखवा. मग ते गोळी उशीखाली सारून "चहानंतर घेतो" म्हणतील, तर समोरच उभ्या राहा. सही गिळल्यावर.