सीटीच्या आधी काही देऊ नका

अंगावरून वारं गेलं, म्हणजे लकव्याचा झटका आला, की आपल्याकडे पहिली धांदल उडते ती काय द्यायचं याची. कुणी जिभेखाली रक्तदाबाची गोळी ठेवायला सांगतो, कुणी अ‍ॅस्पिरिन कुटून पाजतो, कुणी कबुतराचं रक्त चोळणाऱ्याचं गाव सुचवतो. माझं म्हणणं एवढंच, की त्या घटकेला घरात द्यायचं असं काहीच नसतं. माणसाला उचलून जिथे सीटी स्कॅन रात्रीबेरात्रीही होतो तिथे न्यायचं. कारण बाहेरून एकसारखे दिसणारे हे झटके आतून एकमेकांच्या अगदी उलट असू शकतात. हे समजायला आधी मेंदूचा रक्तपुरवठा पाहू. मेंदूचं वजन शरीराच्या २ टक्क्यांच्या आसपास, पण हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा १५ ते २० टक्के वाटा तो एकटा घेतो, आणि शिल्लक काही ठेवत नाही. हे रक्त गळ्याच्या पुढून दोन कॅरोटिड आणि मानेच्या मणक्यांतून दोन व्हर्टिब्रल अशा चार धमन्या वर नेतात. मेंदूच्या बुडाशी त्या एका कड्यात जोडल्या जातात. थॉमस विलिस या इंग्रज वैद्याने १६६४ साली त्याचं वर्णन केलं, म्हणून ते विलिसचं कडं. पण कितीतरी जणांत हे कडं जन्मतःच अपुरं असतं, तेव्हा एक वाट बुजली तर दुसरीकडून रक्त येईलच याची खात्री नाही. मागच्या दोन धमन्यांचा झटका तर हातापायांवर दिसतोच असं नाही. अचानक गरगरणं, तोल जाणं, एकाचे दोन दिसणं एवढ्यावरच तो येतो आणि पित्त म्हणून अंगावर काढला जातो.

जगभरात बहुसंख्य झटके रक्तवाहिनी तुंबल्याने येतात, उरलेले ती फुटल्याने. आपल्या देशात फुटण्याचं प्रमाण जरा जास्तच. तुंबण्याचीही कारणं निरनिराळी. मानेच्या धमनीत साचलेली चरबी, हृदयाचे ठोके अनियमित पडल्याने किंवा लहानपणच्या संधिवाताच्या तापाने झडप आकसल्याने हृदयात धरलेली आणि तिथून सुटलेली गुठळी, आणि मेंदूच्या गाभ्यातल्या धमन्यांच्या केसाएवढ्या फांद्यांची झीज. या फांद्यांची गंमत अशी, की वाढलेला रक्तदाब त्या वर्षानुवर्षं झिजवतो, आणि मग त्याच कधी बुजतात, कधी फुटतात. तोंड दोन्हींत वाकडं होतं, हात दोन्हींत पडतो. फुटलेली असताना अ‍ॅस्पिरिन दिली तर रक्तस्राव वाढू शकतो. तुंबलेली असताना दाब एकदम उतरवला, तर कडेचा जो भाग थोड्याशा रक्तावर तग धरून असतो तोही जातो. फरक सीटीच दाखवतो. ताजं सांडलेलं रक्त त्यात पांढरं दिसतं. तुंबलेल्या झटक्यात मात्र पहिल्या काही तासांत फिल्म जवळजवळ स्वच्छ येते, आणि ‘सीटी नॉर्मल आहे’ म्हणत नातेवाईक पेशंटला घरी न्यायला निघतात. नेमकी हीच वेळ गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देण्याची असते. त्याची मुदत साधारण साडेचार तासांची, आणि ती माणूस शेवटचा धडधाकट दिसला तिथून मोजायची. पहाटे उठताना लक्षात आलं, तर रात्री झोपला ती वेळ सांगायची.

यावर जत-आटपाडीचा किंवा माण-खटावचा माणूस विचारेल, मिरज आणि कराडची मोठी रुग्णालयं आम्हाला काय उशाशी आहेत? नाहीत. पण वेळ रस्त्यात जाते त्याहून जास्त गावातल्या दवाखान्यात सलाईन लावून वाट बघण्यात जाते, असं मला वाटतं. १०८ला फोन करताना किंवा गाडी काढतानाच पुढच्या रुग्णालयात विचारावं, सीटी चालू आहे का, इंजेक्शन मिळतं का. मोठी धमनी तुंबली असेल तर तारेने गुठळी ओढून काढण्याची सोय सहा तासांपर्यंत, निवडक रुग्णांत चोवीस तासांपर्यंत उपयोगी पडते, म्हणून उशीर झाला तरी जायचंच. दुसरा आक्षेप झाडपाल्याचा: अमका त्यानेच बरा झाला. झाला असेल, पहिल्या काही आठवड्यांत बरेच रुग्ण आपोआप थोडेफार सावरतात, आणि श्रेय त्या वेळी जे चालू असेल त्याला मिळतं. काही जणांचं तर अर्ध्या तासात सगळं उतरतं. असं उतरलेलं वारं मला जास्त धोक्याचं वाटतं, कारण मोठा झटका येण्याची भीती पुढच्या दोन दिवसांत सगळ्यात जास्त असते.

‘रक्तदाबाची गोळी एकदा लागली की सुटत नाही’ हा तिसरा आक्षेप, झटका टाळणाऱ्या औषधावरचा, खरा आहे, पण गोळी सुटत नाही कारण दाब सुटत नाही. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन गेले. त्या दिवशी त्यांचा वरचा दाब ३०० वर होता. हाताशी डॉक्टर होते, पण धड लागू पडेल अशी गोळीच तेव्हा नव्हती. आज ती प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळते आणि बरं वाटतंय म्हणून आपण ती बंद करतो. झटक्याला हातभार लावणाऱ्या तंबाखूकडेही असंच दुर्लक्ष होतं. आमच्या सातारा-सांगलीकडे ती तव्यावर काळी होईपर्यंत भाजून, कुटून, मिश्री म्हणून सकाळी हिरड्यांना लावतात आणि तिला दात घासणं समजतात. मग डॉक्टरांनी ‘तंबाखू खाता का?’ विचारलं की आजी सरळ ‘नाही’ म्हणतात, आणि शेजारी उभा मुलगाही गप्प राहतो. त्याने तिथे मिश्रीचं सांगायला हवं.