धम्म-पाठ : स्वतःचा अनुभव आणि सर्वांचा पडताळा



ज्ञान आपल्याकडे दोन वाटांनी येते. पोट दुखते ते ज्याचे त्यालाच कळते. ही अनुभवाची वाट. ताप किती आहे हे थर्मामीटर सांगतो. आईने पाहिले काय किंवा शेजाऱ्याने पाहिले काय, आकडा एकच. ही पडताळ्याची वाट. तत्त्वज्ञानात पहिल्याला व्यक्तिनिष्ठ आणि दुसऱ्याला वस्तुनिष्ठ ज्ञान म्हणतात. यांपैकी विश्वास कशावर ठेवावा? परळ-लालबागच्या गिरण्यांचा इतिहास याचे उत्तर देतो.

गिरणीत कांडी संपली की विणकर धोट्यात नवी कांडी बसवी आणि धाग्याचे टोक तोंडाने ओढून घेई. अस्पृश्याच्या तोंडाला लागलेला धागा आपल्या तोंडी नको, म्हणून सवर्ण कामगारांनी अस्पृश्यांना साचेखात्यात येऊ दिले नाही. अधिक पगार याच खात्यात होता. अस्पृश्यांच्या वाट्याला कताईकडची कमी मजुरीची कामे आली.

आता विचार करा. सवर्ण कामगाराला किळस वाटत होती, हे खरे. पण ती त्याच्या मनात होती, धाग्यात नव्हती. धागा तपासून कोणाची जात ओळखता आली असती काय? उष्ट्याने रोग पसरतो हे खरे. पण तो धोका सर्वांच्याच उष्ट्याला आहे. मनातली गोष्ट वस्तूवर लादली, आणि त्यावर माणसांची भाकरी ठरवली.

कोणी विचारील, अस्पृश्य कामगाराला वाटणारा अपमानही मनातलाच ना? मग तोही भ्रमच का म्हणू नये? याचे उत्तर नीट ध्यानात ठेवा. त्या अपमानाचे कारण मनाबाहेर होते. खात्याचे बंद दार कोणालाही पाहता येत होते, पगारातला फरक कोणालाही मोजता येत होता. दुःख ज्याचे त्याला कळते. दुःखाचे कारण सर्वांना दाखवता येते. बाबासाहेबांनी हेच केले. १९२८ च्या गिरणी संपात त्यांनी संपाच्या पुढाऱ्यांपुढे मागणी ठेवली की, अस्पृश्यांना सर्व खात्यांत काम करण्याचा हक्क मान्य करा.

तथागतांनी केसपुत्त नगरीच्या कालामांना हीच दृष्टी दिली. परंपरा आहे, ग्रंथात आहे, गुरू सांगतो, एवढ्यावरून काही मानू नका. स्वतः जाणा. पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. ते कर्म अहिताचे आहे काय, जाणते लोक त्याची निंदा करतात काय, हेही पाहावयास सांगितले. म्हणजे अनुभव हवा आणि पडताळाही हवा.

आपल्या घरात आजही कोणी म्हणते, ‘मला अनुभव आला, देवऋष्याने अंगारा दिला आणि पोर बरे झाले.’ पोर बरे झाले हे खरे. पण अंगाऱ्याने झाले काय? अंगारा न घेता किती मुले बरी होतात, आणि अंगाऱ्यावर विसंबून किती दगावतात, हे विचारा. अनुभव सांगणाऱ्या आजीची थट्टा करू नका. तिच्याजवळ बसून हा प्रश्न सोडवा. आणि तापलेल्या पोराला आधी दवाखान्यात न्या.

अभ्यासासाठी प्रश्न
१. विटाळाची भावना आणि अपमानाची भावना यांत फरक कोणता?
२. आपल्या घरातील कोणती समजूत पडताळून पाहिलेली नाही?

घरातील सर्वांनी मिळून उत्तरे शोधावीत आणि रविवारी विहारात मांडावीत.