‘थोडा ओला’ म्हणजे किती?

मानवतच्या बाजारात कापूस मुठीत दाबून व्यापारी म्हणतो, ‘थोडा ओला आहे.’ हे ‘थोडा’ हिशेबात कसे धरावे? बाकूत जन्मलेले, अमेरिकेत शिकवणारे प्रा. लोत्फी झादेह यांनी १९६५ साली रीत दिली: नुसते हो-नाही न म्हणता ० ते १ मधला अंश द्यावा. भारतीय कापूस महामंडळ ८ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण हमीभाव देते, १२ पर्यंत कपात करते, त्यापुढे माल घेत नाही. म्हणजे ८ ला कोरडेपणा १, १२ ला ०, तर १० ला अर्धा. इथवर ठीक. पण गाडीतला कापूस सगळीकडे सारखा थोडाच असतो! वरची मूठ ९ भरली तर किरकोळ कपात, तळची १३ निघाली तर गाडी परत. म्हणून आम्ही सांगतो, चार ठिकाणचा कापूस मोजायला लावा.