गव्हाणीतील तार आणि पोटातील लोहचुंबक

गाय वा म्हैस चारा ओठांनी निवडत नाही. जिभेने ओढून घेते आणि फारसा न चावता गिळते. कुट्टीत आलेला खिळा किंवा बाइंडिंग तारेचा तुकडा त्यामुळे सरळ पोटात जातो व दुसऱ्या कप्प्यात, म्हणजे जाळीपोटात, अडकतो. जाळीपोटाच्या पुढे श्वासपटल आणि त्यापलीकडे काही सेंटिमीटरवर हृदय असते. जाळीपोट आकुंचन पावताना टोकदार तार पुढे रुतत जाते. गाभणकाळाच्या अखेरीस वाढलेल्या गर्भाशयाच्या दाबाने हा धोका वाढतो.

यावर पशुवैद्यक जाळीपोटात गुळगुळीत, दंडगोलाकार लोहचुंबक सोडतात. तो तेथेच आयुष्यभर राहतो आणि लोखंडी तुकडे स्वतःस चिकटवून ठेवतो. मात्र त्याची मर्यादा धातूच्या गुणधर्मात आहे. लोखंडातील सूक्ष्म चुंबकी प्रदेश बाह्य क्षेत्राच्या दिशेने वळतात आणि तुकडा स्वतःच तात्पुरता चुंबक बनतो. निकेल व कोबाल्ट यांचेही तसेच. तांबे, पितळ, ॲल्युमिनियम व शिसे यांत असे प्रदेश नसतात. मोटारीच्या वाइंडिंगची तांब्याची तार चुंबकाशेजारी पडून राहिली तरी मोकळीच राहते. जुन्या बॅटरीतील शिसे तर टोचण्याऐवजी विषबाधा करते. तेथे चुंबकाचा काहीच उपयोग नाही.

रंगावरून धातू ओळखणे फसवे ठरते. टायरमधील तार पितळेच्या मुलाम्यामुळे पिवळसर दिसते, पण आत पोलाद असल्याने चुंबकाला चिकटते. कुंपणाच्या जस्तलेपित तारेचेही तसेच. याउलट स्टेनलेस स्टीलच्या ३०४ प्रतीत लोखंडच अधिक असूनही स्फटिकरचनेमुळे ती चुंबकाला जवळजवळ दाद देत नाही. ४३० प्रत मात्र चिकटते. मुरघासाच्या खड्ड्यावर जुने टायर ठेवले जात असतील, तर झिजलेल्या टायरमधून तारा बाहेर आल्या आहेत काय, हे आधी पाहावे.

कुट्टी यंत्राची पाती एका लांब तारेचे अनेक धारदार तुकडे करतात. म्हणून चुंबकपट्टी यंत्राच्या तोंडाशी नव्हे, तर कुट्टी बाहेर पडते तेथे हवी. अंतर वाढताच चुंबकाची ओढ झपाट्याने घटते. त्यामुळे कुट्टीचा थर पातळ ठेवावा आणि पट्टी रोज पुसावी. हे काम कंटाळवाणे खरे, पण तुकड्यांनी भरलेली पट्टी नव्या तुकड्यांना नीट धरत नाही.

विकत घेतलेल्या गाईच्या पोटात आधीच चुंबक आहे काय, हे साध्या होकायंत्राने कळते. डाव्या कोपराच्या मागे, छातीच्या खालच्या बाजूस होकायंत्र धरल्यास सुई हलते. तपासणी लोखंडी गजांच्या गोठ्यात करू नये, सुई गजांकडेच वळेल. गाईने चारा व रवंथ सोडला, दूध एकाएकी घटले, पाठ कमानीसारखी वाकली, कोपरे बाहेर काढून ती उभी राहिली, तर त्याच दिवशी पशुवैद्यकास बोलवावे. तार हृदयावरणापर्यंत पोहोचल्यावर चुंबक ती परत ओढून आणू शकत नाही.