कांचन : ओळख, लागवड आणि छाटणीची योग्य वेळ

फेब्रुवारी संपता संपता आपल्या आवारात एक झाड पानांशिवाय फुललेले दिसते. गुलाबी-जांभळ्या फुलांनी फांद्या भरून जातात आणि सकाळी पीटीला जाताना खाली पाकळ्यांचा सडा पडलेला असतो. हिंदीत याला कचनार म्हणतात, मराठीत कांचन किंवा रक्तकांचन. शास्त्रीय नाव बॉहिनिया व्हेरिगाटा. गेली दोन वर्षे आम्ही तिघे कॅडेट आमच्या हाऊसच्या मागे कांचनाची रोपे वाढवत आहोत. त्यातून जे शिकलो ते या लेखात मांडतो.

नाव आणि ओळख

कांचनाचे पान टोकाकडून मधोमध दुभंगलेले असते, गाईच्या खुरासारखे. सोळाव्या शतकात झाँ आणि गास्पार बोआँ हे दोघे सख्खे भाऊ वनस्पतिशास्त्रज्ञ होऊन गेले. त्यांच्या स्मरणार्थ या प्रजातीला बॉहिनिया हे नाव मिळाले. एकाच देठावर जोडलेल्या पानाच्या दोन पाळ्या म्हणजे हे दोन भाऊ. वर्गात नाव पाठ होत नसेल तर पान हातात घ्या, विसरणार नाही.

संस्कृतात या झाडांना कोविदार म्हणतात. वाल्मीकी रामायणाच्या अयोध्याकांडात चित्रकूटावरून लक्ष्मणाला दूरवर एक सेना येताना दिसते. रथावरच्या ध्वजावर कोविदार वृक्ष आहे, एवढ्यावरून तो ती भरताची सेना असल्याचे ओळखतो. ध्वज आणि निशाणे शिकणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे लक्षात ठेवावे. हाँगकाँगच्या आजच्या ध्वजावरचे पाच पाकळ्यांचे पांढरे फूलही याच प्रजातीतल्या एका संकराचे आहे. त्या संकराला बी धरत नाही, त्यामुळे तो कलमानेच वाढवावा लागतो. आपला कांचन मात्र बियांपासून सहज येतो.

यात दोन घोटाळे नेहमी होतात. पहिला देवकांचनाचा. तो पावसाळ्यानंतर, अंगावर पाने असतानाच फुलतो आणि त्याच्या पाकळ्या अरुंद असतात. फूल उघडून पाहिले तर देवकांचनात बहुधा तीन मोठे पुंकेसर दिसतात, रक्तकांचनात पाच. दुसरा घोटाळा आपट्याचा. आपट्याची पाने लहान, जाड आणि लांबीपेक्षा रुंद असतात. कांचनाची पाने मोठी आणि पातळ असतात. महाराष्ट्राबाहेरच्या शाळेत दसऱ्याला आपटा सापडत नाही, म्हणून आपण मराठी मुले कांचनाची पाने सोने म्हणून वाटतो. वाटायला हरकत नाही, पण मोठ्या झाडाची थोडी पाने घ्यावीत. लहान रोपाच्या अंगावर तेव्हा वीस-पंचवीसच पाने असतात आणि हिवाळ्यासाठी लागणारे अन्न ती तयार करत असतात. ती ओरबाडली तर रोप मागे पडते.

बी ते रोप

फुले गेल्यावर चपट्या, वीतभर लांब शेंगा लागतात. मे-जूनच्या उन्हात त्या वाळतात, पिळवटतात आणि ताडकन फुटून बिया दूर फेकतात. म्हणून शेंग तपकिरी झाली की फुटण्याआधीच काढून कागदी पिशवीत ठेवावी. बी ताजे असताना पेरावे. आम्ही रात्रभर पाण्यात भिजवलेल्या वीस बिया जुलैत पिशव्यांत लावल्या, त्यातल्या चौदा दोन आठवड्यांच्या आत उगवल्या.

कांचनाचे सोटमूळ लवकर खोल जाते. रोप पिशवीत फार दिवस राहिले तर मूळ तळाशी गोल गुंडाळते आणि पुढे झाड नीट उभे राहत नाही. म्हणून दुसऱ्या पावसाळ्यात ते जमिनीत लावावे. जागा भरपूर उन्हाची, पाणी न साचणारी आणि भिंतीपासून निदान चार मीटर लांब असावी. दोन फूट लांब, रुंद व खोल खड्डा घ्यावा. दोन भाग माती आणि एक भाग चांगले कुजलेले शेणखत मिसळून तो भरावा. माती चिकण असेल तर थोडी वाळू घालावी.

इथे एक गोष्ट जीवशास्त्राच्या तासाला विचारण्यासारखी आहे. कांचनाला शेंगा येतात, म्हणजे वाटाणा-हरभऱ्यासारख्या त्याच्या मुळांवरही गाठी असतील आणि त्या हवेतला नायट्रोजन पकडत असतील, असे वाटते. पण कांचनाच्या मुळांवर अशा गाठी नसतात. म्हणून दर पावसाळ्याच्या सुरुवातीला आळ्यात शेणखत घालावे लागते.

पाणी आणि थंडी

पहिल्या वर्षी उन्हाळ्यात तीन-चार दिवसांनी आणि हिवाळ्यात आठ-दहा दिवसांनी पाणी द्यावे. दुसऱ्या वर्षापासून नोव्हेंबरनंतर हात आखडता घ्यावा. कोरड्या थंडीत पाने गळतात आणि फुलोरा चांगला येतो. सारखे पाणी मिळाले तर झाड पाने धरून बसते.

आपल्याकडे, हिमालयाच्या पायथ्याशी, लहान रोपांना धोका दवाचा नसून गोठलेल्या दवाचा आहे. डिसेंबर-जानेवारीत निरभ्र रात्री कोवळे शेंडे काळे पडतात. त्यासाठी चार काठ्या रोवून रात्री पोते किंवा पेंढा टाकावा आणि सकाळी काढावा. उघडे रोप आणि झाकलेले रोप यांतला फरक एका हिवाळ्यात कळतो.

छाटणी केव्हा?

हा या लेखाचा मुख्य मुद्दा आहे. गुलाब किंवा कुंपणाची मेंदी छाटली की नवी फूट येते आणि काम भागते. कांचनाचे तसे नाही. पावसाळ्यात वाढलेल्या फांद्यांवरच पुढच्या वसंतातली फुले येतात. म्हणजे डिसेंबर-जानेवारीत जी फांदी कापली जाते, तिच्याबरोबर त्या वर्षीची फुलेही जातात.

गेल्या वर्षी आम्ही याची नोंद ठेवली. रस्त्याच्या कडेची कांचनाची ओळ जानेवारीत, तपासणीच्या आधी, एका उंचीत कापली गेली होती. मेसच्या मागचे झाड कुणी कापले नव्हते. मार्चमध्ये मेसमागचे झाड वरपासून खालपर्यंत भरले होते. रस्त्याकडच्या झाडांना फक्त खालच्या, कात्रीतून सुटलेल्या फांद्यांवर फुले होती. माती तीच, ऊन तेच, वयही साधारण सारखे. फरक फक्त छाटणीचा होता. आमचे माली भैया सांगतात की त्यांना हे ठाऊक आहे, पण झाडे सरळ रांगेत दिसावीत असा हुकूम आला की कापावी लागतात.

योग्य वेळ म्हणजे फुले संपल्यावर लगेच, एप्रिलमध्ये. तेव्हा वाळलेल्या आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढाव्यात, बुडाचे फुटवे काढावेत आणि दीड मीटरपर्यंत एकच खोड ठेवावे. मग पावसाळाभर नवी वाढ होते आणि तीच पुढे फुलते. पुढच्या बियांसाठी एक-दोन फांद्यांवरच्या शेंगा राखाव्यात. एप्रिलमध्ये केलेला आकार जानेवारीपर्यंत बराचसा टिकतो. त्यामुळे नीटनेटकेपणा आणि फुले यांतले एकच निवडायची गरज नाही, फक्त तारीख बदलायची आहे.

बियांपासून वाढलेला कांचन तिसऱ्या वर्षाच्या सुमारास फुलू शकतो. आमच्या रोपांपैकी पाच जमिनीत आहेत आणि सगळ्यात उंच माझ्या डोक्याच्या वर गेले आहे. येत्या फाल्गुनात त्याला पहिली फुले येण्याची शक्यता आहे, पण त्याआधी जानेवारी येतो. म्हणून सर्व हाऊस कॅप्टन आणि आदरणीय शिक्षकांना विनंती आहे की या वर्षी कांचनाची छाटणी एप्रिलपर्यंत थांबवावी. श्रमदानाच्या तासाला ती करायला आम्ही स्वतः येऊ.

पालकांनाही सांगावेसे वाटते की घरासमोर थोडी जागा असेल तर हे झाड जरूर लावावे. ते फार मोठे होत नाही. इकडे त्याच्या कळ्यांची भाजी करतात. साल आयुर्वेदात कांचनार गुग्गुळासाठी वापरतात. आणि सुट्टीत घरी येणाऱ्या मुलाला पिशवीतून शेंगा आणायला काहीच वजन पडत नाही. कुणाला बिया हव्या असतील तर जूनमध्ये आमच्याकडे मागाव्यात.