क्षयरोग आणि दवडलेले दिवस

ज्या काळी क्षयावर औषध नव्हते, त्या काळी मिरजेजवळील वानलेसवाडीसारख्या ठिकाणी मोकळी हवा, विश्रांती व सकस अन्न हाच दुखणेकऱ्यांचा मुख्य आधार असे. १९४३ साली स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला, मागाहून आणखी औषधे निघाली, आणि आज साधा क्षय बहुधा सहा महिन्यांच्या उपचाराने बरा होतो. असे असूनही माणसे दगावतात, ह्याचे एक मोठे कारण विलंब हे होय. हा विलंब कोठे होतो, हे ह्या पाठात पाहू.

१. औषधास न जुमानणारा क्षय. रोग्याच्या फुप्फुसांत कोट्यवधी जंतू असतात, व त्यांत काही असे निघतात की एखादे औषध त्यांस बाधत नाही. म्हणून अनेक औषधे एकदम देतात. एकातून सुटलेला जंतू दुसऱ्याने मरतो. औषध अपुरे पडले किंवा मध्येच सुटले, तर दुबळे जंतू मरतात आणि चिवट तेवढे वाढतात. नाशिककडील द्राक्षबागाईतदारांस हे नवे नाही. भुरीवर एकच औषध पुनःपुन्हा फवारले, तर पुढे ती त्यास दाद देत नाही. आयसोनियाझिड व रिफाम्पिसिन ही दोन प्रमुख औषधे निरुपयोगी ठरली, म्हणजे त्यास बहुऔषधप्रतिरोधी क्षय म्हणतात. तथापि रोग्यानेच औषध चुकविले असेल, असे समजू नये. असे चिवट जंतू खोकल्यावाटे दुसऱ्यास थेट लागतात. ज्याने कधी क्षयाची गोळी घेतली नाही, त्यासही हा रोग होऊ शकतो.

२. घरातील विलंब. समजा, सुरगाण्याकडील एक मजूर हंगामात दिंडोरीच्या बागांत कामास गेला आहे. खोकला लागतो, रोज बुडेल म्हणून तो दुकानातून औषध आणतो. पुढे ताप येतो, रात्री घाम सुटतो, अंग वाळते. पण लोक काय म्हणतील, मुलीचे लग्न कसे होईल, ह्या भयाने घरचे गप्प राहतात. तोवर त्याच झोपडीत लेकरे त्याच्याजवळ निजत असतात.

३. वैद्याकडील विलंब. १९९१ साली मुंबईत धारावीतील १०० खासगी डॉक्टरांस क्षयाचे औषध लिहून देण्यास सांगितले असता त्यांनी ८० निरनिराळ्या पद्धती लिहिल्या. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या तशाच पाहणीत १०६ डॉक्टरांपैकी केवळ ६ जणांची साध्या क्षयाची चिठ्ठी बिनचूक निघाली. पुढे २०११ च्या अखेरीस मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा चार रोग्यांची हकीगत प्रसिद्ध केली की, ज्यांच्या जंतूंवर तपासलेले एकही औषध चालत नव्हते. त्यांपैकी तिघांस अनेक खासगी डॉक्टरांनी एकेक औषध वाढवीत, पुष्कळदा चुकीच्या मात्रेत, दिले होते. २०१२ साली सरकारने क्षयाचा प्रत्येक रोगी कळविणे डॉक्टरांवर बंधनकारक केले.

४. परीक्षेतील विलंब. दुर्बिणीखाली जंतू दिसतात, पण कोणते औषध त्यांस मारील हे दिसत नाही. त्यासाठी जंतू वाढवून पाहावे लागत, व त्यात कित्येक आठवडे जात. तोवर रोगी निरुपयोगी गोळ्या निष्ठेने गिळीत असे, आणि घरच्यांस लागण होत असे. २०१० साली जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केलेल्या यंत्राने रिफाम्पिसिन चालेल की नाही, हे सुमारे दोन तासांत कळते. गोव्यात तयार झालेले ट्रूनॅट यंत्रही हेच काम करते. इतर औषधांची परीक्षा मात्र निराळी करावी लागते.

५. आपण काय करावे? दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल, तर थुंकीचा नमुना प्राथमिक आरोग्य केंद्रात द्यावा. सरकारी परीक्षा व औषध विनामूल्य आहे. निदान झाले की, ‘कोणते औषध चालेल, ह्याची परीक्षा झाली काय?’ असे न लाजता विचारावे. घरातील सर्वांची तपासणी करावी. कामासाठी गाव सोडावयाचे झाल्यास आधी आरोग्य केंद्रास कळवावे, म्हणजे औषध तिकडे मिळण्याची सोय होते. पूर्वी चिवट क्षयाच्या उपचारास दीड-दोन वर्षे लागत, व इंजेक्शनांनी कित्येकांची श्रवणशक्ती गेली. २०२४ साली भारत सरकारने बेडाक्विलिनसह चार औषधांच्या सहा महिन्यांच्या उपचारास मान्यता दिली. तो कोणास योग्य, हे डॉक्टर ठरवितात. आहारासाठी मिळणारी मदतही १ नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा १००० रुपये झाली आहे.

गावोगावी फिरणाऱ्या उपदेशकांस लोकांच्या ओसरीवर बसण्याची संधी असते. खोकणाऱ्याच्या घरी जाणे टाळू नये. दारे-खिडक्या उघड्या ठेवून त्याच्याजवळ बसावे, तोंडास फडके बांधण्यास सांगावे, आणि आरोग्य केंद्रापर्यंत त्याच्या सोबत जावे. एकट्याने जाण्याचे धैर्य होत नाही, म्हणूनच पुष्कळांचे महिने वाया जातात.

मननार्थ प्रश्न: (१) पूर्वी कधीही औषध न घेतलेल्या माणसास चिवट क्षय कसा होतो? (२) गुण येत नसता एकेकच औषध वाढविणे घातक का? (३) आपल्या वस्तीत दोन आठवड्यांहून अधिक खोकणारा कोण आहे, व त्याच्यासोबत ह्या आठवड्यात कोण जाईल?